बंद करता येणारे गेम कसे शोधावेत

दोन पावसाळ्यांपूर्वी मी पहाटे तीनचा गजर लावून झोपत होते. ट्रेकला जायचं नव्हतं, घरात कुणी आजारीही नव्हतं. फोनवर गाव वसवायचा एक फुकट गेम होता आणि त्यातली एक पेटी आठ तासांनी उघडायची. एकदा सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तर मी ओट्यापाशी फोनच्या उजेडात उभी.

"अगं, एवढ्या रात्री कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही आई. पेटी उघडायची होती."

"कसली पेटी? मग काय निघालं तिच्यातून?"

चाळीस नाणी निघाली होती. तेवढ्यात गावाच्या कुंपणाचा एक खांबही येत नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, पाणी पिऊन झोपायला गेल्या. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

तो गेम मी त्याच आठवड्यात काढून टाकला. खेळणं मात्र सोडलं नाही, कारण चांगला गेम ही चांगल्या नाटकाइतकीच मोठी गोष्ट असते असं माझं मत आहे. फक्त निवडायची पद्धत बदलली. लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून मारिओ खेळलेले आणि आता चाळिशीत पुन्हा काहीतरी खेळून बघावं असं वाटणारे बरेच जण मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून काढतेय.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: मी गेम बंद केल्यावर त्यात काय होतं?

शेतीचे दोन गेम घ्या. २००९ मध्ये फेसबुकवर आलेला फार्मव्हिल आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल, निदान त्याची आमंत्रणं तरी झेलली असतील. त्यात पीक खऱ्या घड्याळावर वाढायचं. ठरल्या वेळेत परत आला नाहीत तर उभं पीक वाळून जायचं. ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद झाला. दुसरा स्टारड्यू व्हॅली, २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने काही वर्षं खपून केलेला. यातही नांगरणी, पेरणी, पाणी, कोंबड्या, गाई. पण कॉम्प्युटर बंद केला की ते शेत जसंच्या तसं थांबतं. दिवाळीला गावी गेलात, महिनाभराने आलात, तरी मुळा तिथेच आणि तेवढाच. पहिल्या शेतात तुम्ही सालगडी असता, दुसऱ्यात मालक.

पायरी १: आपल्याला कशाने बरं वाटतं ते आधी ओळखा

गेमची यादी नंतर. आधी आपल्याकडे बघा. रविवारचं शब्दकोडं सुटेपर्यंत चहा गार होतो का? सिंहगडावर जाताना दम लागला तरी वर पोचायचंच असतं का? कपाट आवरून झाल्यावर दार पुन्हा पुन्हा उघडून बघता का? की लोकांच्या गोष्टी ऐकायला आवडतं? याचं उत्तर दोन ओळींत कागदावर लिहा. "टाइमपास हवाय" असं लिहिलंत तर तो कागद फाडा. टाइमपास हवा असणाऱ्या माणसाला जे समोर येईल ते चालतं, आणि फुकट गेमवाले समोर येण्यात फार तरबेज आहेत.

पायरी २: गेमवाल्याचं पोट कशावर भरतं ते बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळते.

साधारण तीन तऱ्हा असतात. एक, पुस्तकासारखा एकदा पैसे देऊन विकत घ्यायचा गेम. पैसे मिळाले, त्याचं काम झालं. तुम्ही रोज खेळलात काय किंवा महिन्यातून एकदा, त्याला फरक पडत नाही. दोन, वर्गणी. ॲपल आर्केडमध्ये किंवा नेटफ्लिक्सच्या गेममध्ये जाहिरातीही नसतात आणि आत वेगळी खरेदीही नसते. तीन, फुकट. यात बहुतेक लोक एक पैसा देत नाहीत आणि थोडे लोक भरपूर देतात. ते थोडे लोक तयार व्हायचे तर सगळ्यांना रोज परत आणावं लागतं. म्हणजे गेम रचणाऱ्यापुढचा प्रश्न "मजा कशी येईल" इतकाच उरत नाही. "उद्या सकाळी हा माणूस परत कसा येईल" हा प्रश्न त्याच्या पगाराशी बांधलेला असतो. तो माणूस वाईट नसेलही, पण धंद्याची दिशाच ती आहे.

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन सूचना असतात: जाहिराती आहेत, आणि ॲपमध्ये खरेदी आहे. इन्स्टॉल दाबायच्या आधी त्या वाचा. मग माहितीच्या पानावर खाली जा. तिथे आतल्या एकेका वस्तूची किंमत अमुकपासून तमुकपर्यंत असं दिलेलं असतं. वरचा आकडा हजारांत गेला असेल तर तो कुणासाठी लिहिलाय याचा विचार करा. पूर्ण गेम एकदाच उघडण्यासाठी दीडदोनशे रुपये असतील तर हरकत नाही, ते सरळ विकत घेणंच झालं.

आणखी एक खूण म्हणजे गेमचं स्वतःचं चलन. हिरे, रत्नं, नाणी, काहीही. समजा पेठेतल्या किराणावाल्याने रुपये घेणं बंद केलं आणि आपले बिल्ले विकत घ्यायला लावले. बिल्ले शंभरच्या पटीतच मिळणार आणि साबण ऐंशी बिल्ल्यांचा. वीस बिल्ले तुमच्या खिशात कायम खुळखुळणार आणि रुपयात साबण कितीला पडला हे चटकन कळणार नाही. त्या दुकानात आपण दुसऱ्यांदा गेलो नसतो. फोनवर मात्र जातो.

पैसे देऊन घेतलेला गेम म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स हा २०२२ चा गाजलेला गेम अगदी स्वस्त आहे, पण त्यातली पेटी उघडताना जो दिव्यांचा आणि आवाजाचा वर्षाव होतो तो थेट जुगाराच्या यंत्राची आठवण करून देतो. तो करणारा लूका गालांते आधी जुगाराच्याच उद्योगात प्रोग्रॅमर होता. गेम झकास आहे. मी तो घरात ठेवत नाही.

पायरी ३: सापळे नावानिशी ओळखा

मेंदूतल्या रसायनाचं "डोपामिन" हे नाव मी मुद्दाम टाळते. व्हॉट्सॲपने त्याला खलनायक करून टाकलंय आणि त्यातून कुणाला काही करता येत नाही. त्यापेक्षा कबुतरं उपयोगी पडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर प्रयोग केले. कळ टोचली की दाणा. दाणा ठरल्या टोच्यांनंतर मिळाला तर कबूतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्याला, असा बेभरवशाचा मिळू लागला की ते जवळपास न थांबता टोचत राहतं आणि दाणे बंद झाले तरी बराच काळ सोडत नाही. मटक्याचा आकडा लावणाऱ्या माणसाला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आत काय आहे ते न सांगता विकायच्या पेट्या याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये विकत घ्यायच्या अशा पेट्यांना जुगारच ठरवलं.

बाकीचे सापळे इतके ठळक नसतात. रोज हजेरी लावली की बक्षीस आणि सातव्या दिवशी मोठं बक्षीस, म्हणजे सहाव्या दिवशी ताप आला तरी फोन उघडायचा. मोसमी पास: आधी पैसे भरा, मग बक्षिसं वसूल करायला आठवडेच्या आठवडे राबा. मित्रांचा गट, जिथे तुम्ही आला नाहीत तर दुसऱ्यांचं नुकसान होतं. यातला शेवटचा मला सगळ्यांत वाईट वाटतो, कारण तो माणुसकीलाच वेठीस धरतो.

आणि एक फसवा प्रकार. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात, संपले की दर अर्ध्या तासाला एक भरून येतो. वरवर पाहता ही शिस्त वाटते: बघा, गेमच सांगतोय की थांबा. पण जीव संपतात ते नेहमी हरल्यावर. म्हणजे ताट अर्धं असताना उठवायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा हाक मारायची. हे थांबणं तुमचं नसतं.

पायरी ४: शेवट कुठे आहे ते विचारा

हाउलाँगटूबीट नावाच्या संकेतस्थळावर कुठलाही गेम संपायला लोकांना सरासरी किती तास लागतात ते मिळतं. नवख्याने पहिले तीन गेम दहा तासांच्या आतले घ्यावेत. संपवण्याची चव एकदा लागली की न संपणारा गेम ओळखू येतो.

शेवटाइतकाच महत्त्वाचा असतो मधला थांबा, म्हणजे गेम कुठे सेव्ह होतो. मघाशी ज्याचे गोडवे गायले त्या स्टारड्यूची इथे खोड आहे. कॉम्प्युटरवर तो फक्त दिवस संपवून झोपल्यावर सेव्ह होतो. गेममधला दिवस साधारण १४ मिनिटांचा. झोपलं की लगेच नवी सकाळ, मुळे उगवलेले, टपालपेटीत पत्र. मग "हा एकच दिवस" असं म्हणत रात्रीचा दीड वाजतो. यावर माझा उपाय साधा आहे: झोपायची वेळ झाली की सेव्ह झाल्याची खूण दिसल्यावर पडद्याकडे न बघता लॅपटॉपचं झाकण पाडायचं. नवी सकाळ बघायचीच नाही. हास्यास्पद वाटेल, पण चालतं.

शेवट नेमून दिलेल्या गेममध्ये मला मिनी मेट्रो फार आवडतो. न्यूझीलंडच्या एका छोट्या कंपनीचा, २०१५ चा. स्टेशनं उगवत जातात, तुम्ही रेषा ओढून ती जोडायची. गर्दी हाताबाहेर गेली की डाव संपला, आणि ती जाणारच असते. मी वनाजला मेट्रोत बसून कल्याणीनगरला उतरेपर्यंत एक डाव होतो, कधी दोन. त्यात मुंबईचा नकाशा आहे. पुण्याचा नाही, पण आपल्या मेट्रोला किती वर्षं लागली ते बघता घाई नको.

पायरी ५: घेताना

महागडं यंत्र लागत नाही. या लेखातले बरेचसे गेम घरातल्या साध्या लॅपटॉपवर चालतात. माउसऐवजी हातात धरायचा कंट्रोलर हवा असेल तर पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल, फक्त दुकानात जोडून सगळी बटणं दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कॉम्प्युटरवरचे गेम बहुतेक जण स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतात. किमती रुपयांत असतात, यूपीआय चालतं. मुख्य सोय अशी की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून पहिली बैठक दीड तासाची करा आणि तिथे स्वतःला विचारा. संकोच बाळगू नका, दुकानदार समोर उभा राहून "चालेल ना?" म्हणत नसतो.

स्टीमच्या सेलपासून मात्र जपा. निम्म्या किमतीत, पाव किमतीत म्हणत लोक पन्नास गेम गोळा करतात आणि त्यातले पाच उघडतात. तुळशीबागेतून गरज नसताना आणलेल्या कानातल्यांची गत. गोळा करणं हाही पुन्हा पुन्हा बक्षीस मिळवायचा फेराच आहे. माझा नियम: हातातला संपला किंवा सोडला असं ठरवल्याशिवाय दुसरा नाही.

पायरी ६: फोनची डागडुजी

दहा मिनिटांचं काम आहे. गेम पहिल्यांदा उघडताना सूचना पाठवायची परवानगी मागतो, ती नाकारा. तुम्हाला आठवण आली तर तुम्ही जाल, त्याने हाका मारायच्या नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा, घरात मुलं असतील तर आजच. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये आणि आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये ॲपला रोजची मर्यादा घालता येते. ती मर्यादा आपणच दोन टिचक्यांत उठवू शकतो, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका.

पायरी ७: दुसऱ्या दिवशीची परीक्षा

गेम चांगला आहे का हे खेळताना कळत नाही. पेटी उघडताना मलाही छानच वाटायचं. दुसऱ्या दिवशी अमृततुल्यसमोर चहाची वाट बघताना कळतं. डोक्यात काय येतं? "तो दरवाजा खालून उघडत असेल का?" असं आलं तर गेम तुमच्याबरोबर बाहेर आलाय. "अकरा वाजले, भरलं असेल" असं आलं तर तुम्ही अजून आतच आहात. तीन बैठकांनंतर एका ओळीत लिहून बघा, काल काय केलं. मी त्या गाववाल्या गेममध्ये चार महिने घालवले आणि ती एक ओळ मला लिहिता आली नाही.

पायरी ८: आता यादी

पहिल्या पायरीचा कागद काढा.

कोडी आवडत असतील तर पोर्टल, २००७ चा. भिंतीवर दोन भोकं पाडायची, एकातून शिरून दुसऱ्यातून निघायचं. तीन-चार तासांत संपतो आणि मध्ये कुठेही बक्षीस म्हणून काही हातात ठेवत नाही. कोडं सुटलं हेच काय ते बक्षीस. फोनवर मॉन्युमेंट व्हॅली, २०१४ चा, तोही छोटा.

चढण आवडत असेल तर अ शॉर्ट हाइक. एक पक्षी, एक डोंगर, माथ्यावर फोनला रेंज. दोनेक तास. दम लागण्याची हौस असेल तर २०१८ चा सेलेस्ट, तोही डोंगरच, पण शेकडो वेळा पडाल. फारच अवघड गेलं तर वेग कमी करायची सोय त्यात आहे, ती वापरायला लाजू नका.

माणसांच्या गोष्टी हव्या असतील तर वेनबा. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, इडलीपासून बिर्याणीपर्यंतचा स्वयंपाक, दीडेक तासाचा खेळ. माझ्या भाच्याने तो संपवला आणि मला फोन करून विचारलं, "मावशी, आजीची आमटीची कृती कुठे लिहून ठेवलीय का गं?"

आपल्या गावचा म्हणून राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक जरूर खेळा. नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या कंपनीने केलेला, २०२० मध्ये आलेला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतीवरच्या चित्रांतून सांगितलेल्या पुराणकथा. मारामारी जरा जड हाताची आहे, उड्या मारताना कधी अंदाज चुकतो. तरी पाचसहा तासांत संपतो आणि संपल्यावर काही मागत नाही.

शोधाची भूक मोठी असेल तर आउटर वाइल्ड्स, २०१९. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला. यानावर नवी तोफ नाही, अंगावर नवं चिलखत नाही. पुढे जाता येतं ते फक्त तुम्हाला आता काय माहीत आहे त्याच्या जोरावर. याबद्दल आधी काहीही वाचू नका, मीही जास्तच सांगितलं.

बुद्धिबळवाल्यांना लिचेस हे संकेतस्थळ आहे: फुकट, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. तरीही जपा. एक-एक मिनिटाचे डाव लावलेत तर तिथेही कबूतर होता येतं. पंधरा मिनिटांचा एक डाव खेळा आणि हरलात तर लगेच दुसरा लावू नका. हरल्यावर लावलेला डाव बुद्धिबळाचा नसतो.

पायरी ९: एवढ्याने भागत नसेल तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला जागा आहे, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खूप तास खेळणं म्हणजे विकार, असं ते म्हणत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, तेही साधारण बारा महिने, असं ते पाहतं. घरात कुणाचं असं होत असेल तर गेमची यादी बदलून काही होणार नाही, बोलायला माणूस लागेल. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे. डॉक्टरांकडे जायला कमीपणा वाटू देऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा तर विचारच नको, त्यांच्यावर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलाय.

सासूबाईंचं राहिलं. त्या रोज दुपारी चहानंतर खऱ्या पत्त्यांचा पेशन्स लावतात. एक डाव, लागला तर लागला, मग पत्ते डब्यात. मागच्या श्रावणात मी रिटर्न ऑफ द ओब्रा डिन घेतला. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज रिकामं परत आलंय. साठ माणसांचं काय झालं ते एका वहीत भरायचं: नाव काय, मेला कसा, मारलं कुणी. सगळं काळं-पांढरं, जुन्या छापील चित्रांसारखं. रक्तपात आहे, म्हणून त्या बघणार नाहीत असं धरून मी एकटीच बसले होते. त्या मागून येऊन उभ्या राहिल्या. आयुष्य पोस्टात काढलेली बाई, पत्ता नसलेली पत्रं कुणाची ते लावण्यात हयात गेली. खलाशांच्या यादीत भारतीय नावं बघून त्यांनी खुर्ची ओढली.

"थांब, मागे घे. ह्याच्या शेजारी कोण उभा होता?"

तीन माणसांचं बरोबर लागल्याशिवाय गेम कबूल करत नाही, त्यामुळे अंदाजपंचे ठोकता येत नाही. त्यांनी पेशन्सच्या डब्याशेजारी एक दोनशेपानी वही ठेवलीय, तिच्यात बाण आणि प्रश्नचिन्हं. साठापैकी एकोणचाळीस झालेत. मी एकटीने पुढे खेळायचं नाही, असं मला बजावलंय.